दुरुस्ती कोणासाठी?

कादंबरीचे बाड लिटररी एजंटाकडे पाठवले की पुढे चारपैकी एक गोष्ट घडते. बहुतेक वेळा उत्तरच येत नाही. कधी दोन ओळींचा नकार येतो; मराठी नियतकालिकांच्या जगात त्याला 'साभार परत' म्हणतात. फार क्वचित होकार येतो. आणि कधीतरी दीड-दोन पानांचे पत्र येते: लेखन आवडले, पण या रूपात ही कादंबरी मी घेऊ शकत नाही, अमुक बदल केलेत तर पुन्हा वाचायला आवडेल. इंग्रजी प्रकाशनव्यवसायात या पत्राला 'रिवाइज अँड रिसबमिट' असे नाव आहे.

आजचे संपादकीय या चौथ्या पत्राविषयी आहे. घरातली शिकलेली पहिली पिढी आता कादंबरी लिहू लागली आहे. कोणी थेट इंग्रजीत लिहिते, कोणी मराठीत, हिंदीत किंवा तमिळमध्ये लिहून अनुवादाची वाट शोधते. असे पत्र हातात पडल्यावर ते कसे वाचायचे, हे सांगणारे घरात कोणी नसते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: दुरुस्तीला घाबरू नये आणि दुरुस्तीपुढे लोटांगणही घालू नये. एखादी सूचना कादंबरी घट्ट करण्यासाठी आहे की वाचणाऱ्या सवर्णाची खुर्ची मऊ करण्यासाठी, हे ठरवण्याचा अधिकार लेखकाचा आहे. तो अधिकार वापरण्याची रीत शिकता येते.

आधी व्यवहार समजून घेऊ. मराठीत एजंट हा प्रकार जवळपास नाहीच. लेखक बाड घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो, किंवा कोणाच्या तरी ओळखीने पाठवतो. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशनसंस्था मात्र अनोळखी लेखकाचे कादंबरीचे बाड सहसा थेट वाचत नाहीत. ते एजंटामार्फत यावे लागते. भारतातल्या इंग्रजी प्रकाशनातही एजंटांचे वजन वाढले आहे. एजंट पुस्तक विकतो आणि लेखकाच्या उत्पन्नातून साधारण १५ टक्के घेतो. परदेशी किंवा अनुवादाचे हक्क विकले तर बहुधा २० टक्के. पुस्तक विकले गेले तरच त्याला पैसे मिळतात. म्हणून बाड वाचण्यासाठी आधीच फी मागणाऱ्या एजंटापासून चार हात दूर राहावे.

दुरुस्तीच्या पत्रात एजंट कसलेच वचन देत नाही, फक्त पुन्हा वाचण्याची तयारी दाखवतो. सहा महिने राबून पाठवलेल्या नव्या खर्ड्यालाही तो नाही म्हणू शकतो. तरीही या पत्राची किंमत आहे. रोज ढिगाने येणारी बाडे वाचणाऱ्या माणसाने आपल्या बाडावर विचार करायला काही तास घालवले, एवढे त्यातून नक्की कळते.

पहिल्या पिढीतला पदवीधर हे पत्र वेगळ्या डोळ्यांनी वाचतो, कारण 'करेक्शन्स' या शब्दाशी त्याची ओळख वेगळ्या ठिकाणी झालेली असते. शाळेतली लाल शाई, कॉलेजातले जर्नल, मग प्रबंधाचा गाइड. तिथे दुरुस्ती हा हुकूम असतो. गाइडशी वाद घालून चालत नाही, कारण शेवटची सही त्याची असते. हीच सवय एजंटाच्या पत्रापुढे उभी राहते आणि बाड आठ दिवसांत, सांगितले तसे सगळे बदल करून परत जाते. अशा घाईच्या दुरुस्तीत कादंबरीची जुनी वीण उसवलेली असते आणि नवी बसलेली नसते.

याच्या उलटही घडते. राखीव जागेवरून टोमणे ऐकत पदवी घेतलेल्या माणसाला 'यात अजून काम हवे' हे वाक्य 'तुझ्यात मेरिट नाही' असे ऐकू येते. तो पत्र बंद करतो आणि बाड पेटीत जाते. हा राग कुठून येतो हे आम्हाला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पण या पत्राने लेखकाची परीक्षा घेतलेली नसते. ज्यांच्या घरात पुस्तकांची उठबस तीन पिढ्यांची आहे, त्यांनाही असेच पत्र येते. त्यांच्याकडे फक्त विचारायला कोणीतरी असते: मावशी संपादक, काका प्राध्यापक, मित्र प्रकाशनात. 'हे मान, ते सोड, आणि दोन महिने हात लावू नकोस,' असे सांगणारा माणूस हा त्यांचा वारसा आहे.

आता एक प्रसिद्ध पुनर्लेखन पाहू. हार्पर ली १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये विमान कंपनीत आरक्षणाचे काम करत होती. त्या वर्षीच्या नाताळात एका मित्र दांपत्याने तिला वर्षभर पुरेल एवढी रक्कम भेट दिली, नोकरी सोडून लिहिता यावे म्हणून. १९५७ साली तिच्या एजंटाने 'गो सेट अ वॉचमन' हे बाड लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेकडे नेले. तिथल्या संपादक टे होहॉफ यांना लेखिकेची ताकद दिसली, पण बाड तसेच छापण्यासारखे वाटले नाही. पुढची दोन-अडीच वर्षे पुनर्लेखनात गेली. १९६० साली जे छापले गेले ते 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. १९६१ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ही गोष्ट लेखनाच्या वर्गात चिकाटीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आपण ती दोन वेगळ्या अंगांनी वाचली पाहिजे.

पहिले अंग पैशाचे. पुनर्लेखनाला वेळ लागतो आणि वेळ विकत घ्यावा लागतो. वर्षाचा पगार भेट देणारे मित्र आपल्यापैकी कितीजणांना आहेत? आपल्याकडे शैक्षणिक कर्जाचा हप्ता असतो, धाकट्या बहिणीची फी असते, दर महिन्याला गावी पाठवायचे पैसे असतात. म्हणून आपल्या लेखकाची दुरुस्ती रात्री दहानंतर आणि रविवारी होते. यात लाजण्यासारखे काही नाही, पण हिशेब मात्र खरा मांडावा. नोकरी सांभाळून ज्याला आठ महिने लागणार, त्याने दोन महिन्यांचा वायदा करू नये.

दुसरे अंग जास्त अवघड आहे. मूळ बाडात मोठी झालेली जीन लुइज न्यूयॉर्कहून गावी परतते आणि तिला कळते की ज्याला ती देवासारखा मानत आली तो बाप, ॲटिकस, वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या बैठकीत बसतो. छापलेल्या कादंबरीत काळ दोन दशके मागे गेला, नायिका लहान मुलगी झाली आणि तोच बाप निरपराध काळ्या माणसाचा खटला लढवणारा सज्जन वकील झाला. बालपणाचा भाग मूळ बाडात सर्वांत जिवंत होता आणि तो फुलवा, हा सल्ला कारागिरीच्या दृष्टीने चोख होता. पुस्तक अधिक बांधेसूद झाले यात शंका नाही. पण आपल्या प्रेमाच्या माणसातला वर्णद्वेष दिसल्यावर काय करायचे, हा मूळ बाडातला बोचरा प्रश्न पुस्तकातून गेला. केंद्रस्थानी राहिला तो वाचवणारा गोरा माणूस. मूळ बाड वाचकांसमोर आले ते २०१५ साली.

म्हणजे चांगली, प्रामाणिक, कारागिरीची सूचनाही पुस्तकाचे राजकारण बदलू शकते. 'ही सूचना साहित्यिक, ती राजकीय' अशी सरळ रेघ मारता येत नाही. प्रत्येक सूचनेला एकच प्रश्न विचारावा लागतो: हे केले तर माझ्या कादंबरीतून कोणता प्रश्न निघून जाईल?

आपल्या बाडांवर येऊ शकणाऱ्या सूचना याच कसोटीवर लावून पाहू. 'मधला भाग रेंगाळतो', 'नायकाला काय हवे आहे ते शंभर पानांपर्यंत कळत नाही', 'दोन काका एकसारखेच बोलतात', 'शेवट घाईत उरकला आहे' अशा सूचना येतात तेव्हा मान खाली घालून ऐकावे. आपला अनुभव खरा आहे, एवढ्याने कादंबरी उभी राहत नाही. छळ सोसलेल्या माणसाचे पात्रही कागदावर नीट घडवावेच लागते.

दुसऱ्या जातीच्या सूचना अशा असतात: नायिकेच्या सवर्ण मैत्रिणीला जरा समजूतदार दाखवा. नायक फार रागीट आहे, वाचकाला त्याच्याबद्दल माया वाटायला हवी. जात म्हणजे काय हे पहिल्या प्रकरणात समजावून सांगा. बोलीतले शब्द कमी करा. शेवटी थोडी आशा ठेवा. आणि सर्वांत गोड शब्दांत येणारी सूचना: हे कादंबरीऐवजी आत्मकथन म्हणून का लिहीत नाही?

या शेवटच्या सूचनेला इतिहास आहे. 'बलुतं' (१९७८), 'अक्करमाशी' (१९८४), 'करुक्कु' (१९९२), 'जूठन' (१९९७) ही पुस्तके इंग्रजीत गेली आणि दलित साहित्य म्हणजे आत्मकथन असे समीकरण तिकडे पक्के झाले. या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या नावाने कादंबरीकाराला 'तू फक्त साक्ष दे, कल्पना करू नकोस' असे सांगणे हा वेगळाच प्रकार झाला. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ साली आली. माणसे, गाव आणि बंड कल्पनेने उभे करण्याची आपली परंपरा या चारही आत्मकथनांच्या आधीची आहे.

काय कापायला सांगितले जाते, याचे अमेरिकेतले दुसरे उदाहरण रिचर्ड राइटचे आहे. त्याच्या आत्मचरित्राचे दोन भाग होते: पहिला दक्षिणेतल्या बालपणाचा, दुसरा उत्तरेतल्या शिकागोचा. 'बुक ऑफ द मंथ क्लब'ला फक्त पहिला भाग हवा होता. राइटने ते मान्य केले आणि १९४५ साली 'ब्लॅक बॉय' तेवढेच छापले गेले. उत्तरेकडचा भाग 'अमेरिकन हंगर' या नावाने पुस्तकरूपात आला १९७७ साली. तोवर राइटला जाऊन सतरा वर्षे झाली होती. वर्णभेद दक्षिणेतच होता आणि उत्तरेची गाडी पकडली की सुटका झाली, असा समज त्या कापाकापीने वाचकांच्या पदरात टाकला. आपल्याकडे याचे भाषांतर करायची गरज नाही. गावातला पाणवठा ठेवा, मुंबईच्या ऑफिसातला डबा काढा. बापाची मजुरी ठेवा, विद्यापीठातली तोंडी परीक्षा काढा, अशी सूचना आली तर ती ओळखता आली पाहिजे.

नकार देणाऱ्यांची किंमतही सांगायला हवी. झोरा नील हर्स्टनने गुलामांच्या शेवटच्या जहाजातून अमेरिकेत आणलेल्या कजो लुइस या वृद्धाशी बोलून, त्याच्याच बोलीत 'बॅराकून' लिहिले. वायकिंग या प्रकाशनसंस्थेने ते बोलीऐवजी प्रमाण इंग्रजीत मागितले. हर्स्टनने नकार दिला. ही १९३१ सालची गोष्ट. पुस्तक छापले गेले २०१८ साली. हर्स्टन १९६० मध्येच, हलाखीत, वारली होती. तिचा नकार बरोबर होता हे आज सगळे मान्य करतात. पण बरोबर असण्याची ही किंमत कोणत्याही लेखकाने भरावी, असे आम्ही सहज म्हणणार नाही. म्हणूनच नकार कुठे द्यायचा हे मोजून ठरवावे. सगळ्याच सूचनांना नकार देणाऱ्याचा खरा नकार ऐकू येत नाही.

या मोजमापाचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या घरातले आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. छापील मजकूर पाहिल्यावर मंडळाला वेदांवरचा आणि हिंदू धर्मावरचा भाग खटकू लागला. तो वगळावा असा आग्रह झाला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद झालीच नाही. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, आणि दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. हा भाग आपल्याला पाठ असतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधींची टीका आणि तिला दिलेले उत्तर जोडले. १९४४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी, आपला 'कास्ट्स इन इंडिया' हा जुना निबंध यात मिसळून सगळे नव्याने लिहायचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही, असे त्यांनी नोंदवले आणि तो निबंध शेवटी जोडून दिला. दुसऱ्याच्या सोयीसाठी स्वल्पविरामही न बदलणारा हा लेखक स्वतःच्या विचारासाठी आख्खे पुस्तक पुन्हा लिहायला तयार होता.

आता हातातल्या पत्राकडे वळू. पत्र आले की दोन-चार दिवसांत आभाराच्या दोन ओळी पाठवाव्यात. तारीख कबूल करू नये. मग दोन आठवडे बाडाला हात लावू नये. त्यानंतर वही घेऊन प्रत्येक सूचनेचे दोन भाग करावेत: तक्रार काय आहे आणि उपाय काय सुचवला आहे. 'मधे कंटाळा येतो' ही तक्रार. 'तिथे प्रेमप्रकरण घाला' हा उपाय. वाचणारा अडखळला हे बहुधा खरे असते, पण तो का अडखळला आणि तिथे काय हवे, याचा त्याचा अंदाज चुकू शकतो. 'नायक फार रागीट आहे' या तक्रारीवर राग कमी करणे हा एक उपाय झाला. तो राग कशातून आला, हे वीस पाने आधी दाखवणे हा दुसरा.

मग सूचनांचे तीन गठ्ठे होतात: मान्य, वेगळ्या वाटेने सोडवायच्या आणि अमान्य. काही कळले नसेल तर एजंटाला नेमके दोन-तीन प्रश्न विचारावेत. त्यात कमीपणा नाही, उलट काम गंभीरपणे चालले आहे हे त्याला कळते. जुने बाड तारीख घालून वेगळे जपून ठेवावे. नवा खर्डा दोघांना वाचायला द्यावा: एक आपल्या वस्तीतला, ज्याला खोटे लगेच कळेल, आणि एक या जगाशी अनोळखी, ज्याला गोष्ट कुठे सुटते ते कळेल. दोघांना एकाच ठिकाणी अडखळायला झाले तर ती जागा दुरुस्त करावीच.

दुरुस्तीच्या काळात बाड दुसऱ्या कोणाला दाखवू नका, असे एजंट म्हणत असेल तर मुदत विचारून घ्यावी. वचन न देता अमर्याद थांबायला सांगणे योग्य नाही. तशी अट नसेल तर इतर एजंटांकडे बाड पाठवायला हरकत नाही. मात्र एका एजन्सीत एका वेळी एकाच एजंटाला पाठवावे, आणि ज्याने आधी साफ नकार दिला आहे त्याच्याकडे बाड मुळापासून बदलल्याशिवाय पुन्हा जाऊ नये.

परत पाठवतानाचे पत्र एका पानाचे असावे. पूर्वी केव्हा पत्रव्यवहार झाला, कादंबरीचे नाव काय, मोठे बदल कोणते, शब्दसंख्या किती. अमान्य केलेली मोठी सूचना असेल तर तिचे कारण एका वाक्यात, माफी न मागता सांगावे: 'बोलीतले संवाद तसेच ठेवले आहेत, कारण ही माणसे दुसऱ्या भाषेत विचार करत नाहीत, अर्थ प्रसंगातून कळेल याची काळजी घेतली आहे.' समजूतदार एजंट अशा वाक्याने बिथरत नाही. जो बिथरतो, त्याच्यासोबत पुढची दहा वर्षे काम करायचे का, याचेही उत्तर मिळते. नंतर दोन-तीन महिने उत्तर आले नाही तर एक सौम्य आठवण पाठवावी.

एवढे सगळे लेखकाने करायचे आणि दुसऱ्या बाजूने काहीच नाही, हे आम्हाला मान्य नाही. अमेरिकेत ली अँड लो या प्रकाशनसंस्थेने २०१९ साली केलेल्या पाहणीत प्रकाशनव्यवसायातले ७६ टक्के लोक गोरे निघाले. ती मोजणी झाली म्हणून तिच्यावर बोलता आले. भारतातल्या इंग्रजी प्रकाशनसंस्थांनी आणि एजन्सींनीही आपल्या खोलीत कोण बसते याची जातवार मोजणी करून ती जाहीर करावी. दुरुस्ती मागताना ती कोणत्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून मागितली आहे, हे एजंटाने पत्रात लिहावे. 'सर्वसामान्य वाचक' हा शब्द पुरेसा नाही. त्या वाचकाला आडनाव असते.

आणि काही काम आपलेही आहे. हैदराबाद, दिल्ली, बेंगळुरू, पुणे, नागपूर, जिथे जिथे आपली मुले शिकतात तिथे अभ्यास मंडळे आहेत. ती स्पर्धा परीक्षेच्या नोट्स एकमेकांना देतात, फेलोशिपचे अर्ज तपासून देतात. त्याच मंडळांत महिन्यातून एक संध्याकाळ बाडे वाचायला ठेवता येईल. ज्यांना अशी पत्रे येऊन गेली आहेत त्यांनी ती, नावे झाकून, पुढच्यांना दाखवावीत. हे मान, ते सोड, दोन महिने हात लावू नकोस, असे सांगणारी मावशी आपल्या घरात नव्हती. पुढच्या पिढीच्या घरात ती असावी, याची सोय आपण करू शकतो.